उद्या तिसऱ्या तासाला फळ्यावर काय लिहू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बरीच वर्षं उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवताय. दशांश अपूर्णांकांची तुलना हा घटक तुम्ही तीन तुकड्यांना वेगळ्या पद्धतीने शिकवून पाहिलात. आधी आणि नंतर चाचणी घेतलीत आणि सरासरी गुण वाढले. वर्गात प्रत्यक्ष उपयोगी पडणाऱ्या गणितशिक्षण संशोधनासाठी असलेल्या एका पुरस्काराची सूचना सहकाऱ्याने दाखवली. तुम्ही विचारताय की माझं काम त्यात बसतं का, 'व्यावहारिक उपयोग' हा भाग किती पानांचा हवा, आणि आकडेवारी साधी आहे म्हणून निबंध मागे पडेल का.

काम बसतं. पण मसुदा आत्ता आहे तसा पाठवू नका. त्यात सगळा उपयोग शेवटच्या दीड पानात आहे, आणि तो भाग लांबवून निबंध सुधारणार नाही. अशा पुरस्काराचे परीक्षक उपयोग शेवटी शोधत नाहीत. संशोधनाचा प्रश्न कसा विचारला, मुलांच्या वह्यांतलं काय टिपलं, कोणतं उदाहरण कोणत्या क्रमाने दिलं, इथेच तो सापडतो. इथे नसेल तर शेवटी कितीही शिफारशी केल्या तरी त्या पोकळ वाटतात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझा पहिला शोधनिबंध मी शिक्षकांसमोर वाचला, तेव्हा शेवटचं वाक्य होतं, 'शिक्षकांनी कार्यपद्धतीपेक्षा संकल्पनांच्या आकलनावर भर द्यावा.' मागच्या रांगेतल्या एक ज्येष्ठ शिक्षिका उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पटलं. पण उद्या तिसऱ्या तासाला फळ्यावर पहिलं उदाहरण कोणतं लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे अनेक वर्षं दुसऱ्यांचे निबंध परीक्षक म्हणून वाचताना मी त्यांचाच प्रश्न शेजारी ठेवतो. तुमचा मसुदाही तसाच वाचला.

या पुरस्कारांमागची कल्पना आधी बघू, म्हणजे कोणाच्या रांगेत उभं राहायचंय ते कळेल. आंतरराष्ट्रीय गणितशिक्षण आयोग, म्हणजे इक्मी, ही संस्था १९०८ सालची. संशोधनासाठी तिचे दोन सन्मान आहेत, फेलिक्स क्लाइन आणि हान्स फ्रॉयडेंटाल यांच्या नावांचे. २००३ साली ते पहिल्यांदा दिले गेले, अनुक्रमे फ्रान्सचे गी ब्रुसो आणि इंग्लंडच्या सीलिया हॉयल्स या गणितशिक्षण संशोधकांना. पण वर्गातल्या कामाचा म्हणून वेगळा सन्मान नव्हता. तो २०१३ साली, एमा कास्तेलनुओवो यांच्या शताब्दीच्या निमित्ताने सुरू झाला. एमा या रोममध्ये दीर्घकाळ शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिका. दोऱ्याचं एक बंद वेटोळं दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जन्यांत ताणून त्या आयत करायच्या आणि बोटं जवळ-लांब करत मुलांना विचारायच्या की परिमिती बदलते का, क्षेत्रफळ बदलतं का. परिमिती तीच राहते आणि क्षेत्रफळ मात्र बोटं मिटत आली की शून्याकडे जातं. आयुष्यभर हे करणाऱ्या बाईंच्या नावाचा पुरस्कार पहिल्यांदा २०१६ साली ह्यू बर्कहार्ट आणि माल्कम स्वॉन यांना मिळाला, आणि २०२० साली अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेला, एनसीटीएमला.

हे झाले आयुष्यभराच्या कामाचे मान. एका निबंधासाठी असलेले पुरस्कार वेगळे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या गणितशिक्षण संशोधकांची मर्गा नावाची संघटना आहे, १९७७ पासून परिषदा भरवणारी. तिचा एक पुरस्कार खास 'व्यावहारिक निष्पत्ती'साठी असतो आणि तो बेथ साउथवेल यांच्या नावाने दिला जातो. एनसीटीएमचाही संशोधन आणि अध्यापन यांना जोडणाऱ्या लेखनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. तुम्ही ज्याचं पत्रक पाहिलंत तो याच जातकुळीचा.

इथे एक गैरसमज बऱ्याच शिक्षकांचा होतो, आणि तुमच्या मसुद्यातही त्याची सावली दिसते. उपयोगी संशोधन म्हणजे सिद्धान्त कमी, सोपी भाषा आणि शेवटी सूचना, असं वाटतं. ब्रुसो यांचं काम पाहा. त्यांचा सन्मान सिद्धान्तासाठी आहे, पण त्यांच्या सिद्धान्तातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कागदाच्या तुकड्यांचं एक कोडं. गटातल्या प्रत्येक मुलाला कोड्याचा एकेक तुकडा देतात आणि सांगतात की मूळ कोड्यात जी बाजू ४ सेंमी आहे ती नव्यात ७ सेंमी व्हायला हवी, त्या मापाने आपापला तुकडा मोठा करा. बहुतेक मुलं प्रत्येक बाजूत ३ मिळवतात. तुकडे कापून झाले की जोडायला बसतात आणि ते जुळत नाहीत. मग एकमेकांना म्हणतात, तू नीट कापलं नाहीस. पुन्हा मोजतात, पुन्हा कापतात, पुन्हा जुळत नाहीत. 'मिळवून वाढवणं' चुकतंय हे शिक्षकाला सांगावंच लागत नाही, कागद सांगतो. सिद्धान्त हाच की चूक दाखवण्याचं काम परिस्थितीकडे द्यावं, शिक्षकाच्या तोंडाकडे नाही. हे वाचून कोणताही शिक्षक पुढच्या तासाला कात्री घेऊन जाऊ शकतो. म्हणजे सिद्धान्त पातळ करायची गरज नाही. तो एखाद्या कामातून दिसायला हवा.

आता तुमच्या विषयाकडे येतो, कारण खरं बोलायचं आहे ते इथे.

दशांश अपूर्णांकांची तुलना या विषयावर मेलबर्नच्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या चाचणीत मुलांना संख्यांच्या जोड्या देतात आणि मोठी कोणती ते विचारतात. चाचणी दिसायला इतकी साधी की कोणीही तयार करेल. पण जोड्या निवडण्यात सगळं संशोधन आहे. दोनच जोड्या घ्या.

४.८ आणि ४.६३
५.७३६ आणि ५.६२

एक मूल दोन्ही ठिकाणी जास्त अंक असलेली संख्या निवडतं. त्याच्या मते ६३ हे ८ पेक्षा मोठं आणि ७३६ हे ६२ पेक्षा. पहिली जोडी चूक, दुसरी बरोबर. दुसरं मूल दोन्ही ठिकाणी कमी अंकांची संख्या निवडतं, कारण 'दशांश मोठा असतो, शतांश लहान, सहस्रांश तर अगदीच लहान, म्हणून जिथे सहस्रांश आले ती संख्या लहान'. पहिली बरोबर, दुसरी चूक. दोघांनाही दोनपैकी एक गुण. गुणपत्रकात दोघं शेजारी शेजारी, आणि डोक्यात चाललेलं मात्र एकमेकांच्या बरोबर उलट. पहिल्याला जे समजावून सांगाल त्याने दुसऱ्याची चूक आणखी पक्की होऊ शकते. पहिल्याला तुम्ही म्हणाल, 'अरे, शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात ना?' दुसरा मान डोलावेल, कारण तो त्याच वाक्यावर चुकतोय.

म्हणून तुमच्या 'सरासरी वाढली' या वाक्याने मला काहीच कळत नाही. तुमच्या पूर्वचाचणीतल्या जोड्या मी मोजल्या. जवळपास सगळ्या पहिल्या प्रकारच्या आहेत, जिथे कमी अंकांची संख्या मोठी असते. अशा चाचणीत 'आखूड तीच मोठी' मानणारं, म्हणजे कमी अंकांची संख्या निवडणारं मूल जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळवतं. तुमच्या तीन तुकड्यांत अशी मुलं नक्की असतील आणि ती 'हुशार' या रकान्यात गेली असतील. उत्तरचाचणीत, म्हणजे पाठानंतरच्या चाचणीतही तोच प्रकार. मग वाढलं काय? काही मुलांची समज वाढली असेल, आणि काही मुलं एका चुकीतून दुसऱ्या चुकीत गेली असतील. सरासरी दोघांनाही प्रगतीच म्हणते.

आणखी एक प्रकार तपासा. ४.४५०२ आणि ४.४५ अशी जोडी द्या. काही मुलं इतर सगळ्या जोड्या बरोबर सोडवतात आणि इथे अडतात किंवा दोन्ही सारख्याच म्हणतात. त्यांना दशांश चिन्हानंतर दोनच घरं माहीत असतात, पैशांच्या हिशोबासारखी. तिसरं घर आलं की त्यांच्यापाशी अर्थ उरत नाही.

तुम्ही मराठीतून शिकवता, म्हणून वाचनाचा मुद्दाही निबंधात आणा. तो तुमच्याकडे आहे आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे याच रूपात नाही. ४.६३ वर्गात दोन प्रकारे वाचलं जातं, 'चार दशांश चिन्ह सहा तीन' आणि 'चार पूर्णांक त्रेसष्ट शतांश'. घाईत दुसऱ्यातला 'शतांश' गळतो आणि उरतं 'चार पूर्णांक त्रेसष्ट'. त्यापुढे 'चार पूर्णांक आठ' ठेवलं की कानाला त्रेसष्ट आणि आठ ऐकू येतात. मुलाची चूक कानातून आलेली असते. तुमच्या पाठाच्या ध्वनिमुद्रणात तुम्ही स्वतः कोणत्या वेळी कसं वाचलंत ते मोजा. तीन तुकड्यांत तीन प्रकारे वाचलं गेलं असेल तर तो दोष समजू नका. ती निबंधातली सर्वांत उपयोगी नोंद ठरू शकेल.

आणि आता तुमची पद्धत. तुम्ही मुलांना 'शून्य लावून घरं सारखी करा' हे शिकवलंत. ४.८ चं ४.८० करा, मग ८० आणि ६३. उत्तर बरोबर येतं, यात वाद नाही. पण नीट पाहा, जे मूल दशांशानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचत होतं, ते अजूनही तसंच वाचतंय. तुम्ही फक्त त्याची चूक चालून जाईल अशी सोय करून दिलीत. आधी ६३ विरुद्ध ८ होतं, आता ६३ विरुद्ध ८०. विचार तोच, उत्तर बदललं. हे मी कठोरपणे लिहितोय, कारण मी स्वतः कित्येक वर्षं हेच शिकवलं आणि मुलांचे गुण बघून समाधानी राहिलो.

याची शहानिशा करायला मोठा खटाटोप लागत नाही. त्याच मुलांना विचारा की ३.२ आणि ३.३ यांच्या मधली एखादी संख्या सांगा. ज्याच्या मनात शून्य लावण्याचा फक्त नियम आहे ते म्हणेल, मध्ये काहीच नाही, दोन नंतर तीनच. किंवा एक कोरी रेघ द्या, टोकांना ० आणि १ लिहा, आणि ०.६, ०.०६, ०.५९ मांडायला सांगा. तुलना बरोबर करणाऱ्या मुलांतली किती ०.५९ ला ०.६ च्या खूप पुढे नेतात ते पाहा. ही दोन कामं वर्गाच्या एका तासात होतात. उत्तरचाचणीनंतर काही महिने गेले असले तरी चालेल, उलट उशिराच्या चाचणीला निबंधात जास्त वजन मिळतं.

निकाल काहीही आला तरी निबंध मजबूत होतो. मुलांना मधली संख्या सापडली तर शून्याच्या नियमाबरोबर तुम्ही वर्गात आणखी काहीतरी करत होता, ते शोधून लिहा. सापडली नाही तर 'तुलनेचे गुण वाढतात पण स्थानिक किमतीची समज हलत नाही' हा निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाला ऐकायची गरज आहे. अयशस्वी भाग लपवून ठेवणारे निबंध मी खूप वाचले. ज्या निबंधावरून पुढे मी माझा पाठ बदलला, त्यात बहुधा एक तरी जागा अशी होती जिथे लेखकाने 'हे चाललं नाही' असं साफ लिहिलं होतं.

आकडेवारीचं उत्तर यातच आलं. साधी आकडेवारी चालते. कोणत्या मुलाची उत्तरं कोणत्या विचारात बसतात, आधी कुठे होती आणि नंतर कुठे गेली, असा एक तक्ता करा. रांगेत 'लांब तीच मोठी', 'आखूड तीच मोठी', 'दोनच घरं ओळखणारी', 'बरोबर', 'ठरवता येत नाही'. स्तंभात तेच पुन्हा, नंतरच्या चाचणीचे. घरांत मुलांची संख्या. परीक्षक या एका तक्त्यावर तुमच्या सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त वेळ थांबेल. 'ठरवता येत नाही' हा रकाना गाळू नका, तो भरलेला असला तरी.

थोडक्यात आणि नेमकं कसं लिहावं याचा नमुना हवा असेल तर १९९९ साली फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांनी बरोबर चिन्हावर लिहिलेला छोटा लेख आठवा. त्यांनी मुलांपुढे ठेवलेला प्रश्न एका ओळीचा होता.

८ + ४ = □ + ५

चौकटीत ७ यायला हवेत. बहुतेक मुलांनी १२ किंवा १७ लिहिले. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही ७ लिहिले नाहीत. मुलांना '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतं, दोन्ही बाजू समान आहेत असं नाही, हे या एका ओळीने दाखवलं. पण लेख तिथे थांबत नाही. फॉकनर स्वतः प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांच्या वर्गात मुलांपुढे वाक्यं ठेवली गेली, खरं की खोटं ते सांगा. ४ + ५ = ९ ला सगळे खरं म्हणाले. मग ७ = ३ + ४ आलं आणि मुलं अडली, हे उलटं लिहिलंय म्हणाली. ८ = ८ वर तर वाद झाला, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं. त्या वादातून वर्ग पुढे सरकला. लेख वाचून शिक्षकाच्या हाती तीन गोष्टी येतात. चूक ओळखायचा प्रश्न, चुकीमागचं कारण, आणि ती हलवायला पुरेशी असलेली वाक्यांची मालिका, त्याच क्रमाने. त्या ज्येष्ठ शिक्षिकेला हा लेख दिला असता तर त्यांना फळ्यावरचं पहिलं उदाहरण मिळालं असतं.

तुमच्या मसुद्यात क्रमच नाही. 'विविध जोड्यांचा सराव दिला' असं एक वाक्य आहे. कोणत्या जोड्या? पहिली कोणती? मुलं कुठे थांबली? तिथे तुम्ही काय विचारलंत? जपानी शिक्षकांच्या पाठटाचणात मुलं काय काय उत्तरं देतील याचा वेगळा रकाना असतो आणि प्रत्येक उत्तराला शिक्षक काय करेल तेही शेजारी लिहितात. वर उल्लेखलेल्या माल्कम स्वॉन यांच्या इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या गटाने अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाबरोबर जे १०० पाठ तयार केले, त्यांतही नेहमीच्या चुका आणि त्यांवर विचारायचे प्रश्न असा तक्ता असतो. तो टेबलाशी बसून लिहिलेला नाही. पाठ वर्गांत होऊ देऊन, निरीक्षकांच्या नोंदी वाचून, बदलून पुन्हा करून पाहून तयार झालेला आहे. तुम्ही दोन वर्षं तीन तुकड्यांत हेच करत होता, फक्त लिहिलं नाहीत. आठवणीतून लिहू नका. टाचणं, वह्या, फळ्याचे फोटो काढून बसा.

एक अट मी स्वतःवर घालतो आणि तुम्हालाही सुचवतो. तुमचा पाठ तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी एकदा घेऊ दे. त्यांना तुम्ही तोंडी काही समजावू नका, फक्त लिहिलेलं द्या. मागे बसून बघा. जिथे ते अडखळतील तिथे तुमचं लिखाण अपुरं आहे. आपल्या पाठाचं यश बऱ्याचदा आपल्या वीस वर्षांच्या सवयीत असतं, कागदावर नसतं, आणि पुरस्कार कागदावरच्या कामाला आहे.

बाकीच्या गोष्टी पटकन. पत्रकातली शब्दमर्यादा काटेकोर पाळा. मुलांची नावं बदला, वह्यांच्या फोटोंतली खरी नावं झाका, आणि पालकांची व शाळेची लेखी संमती आधी घ्या. संमती नसलेला सुंदर पुरावा वापरता येत नाही. संदर्भांची यादी मोठी करण्यात वेळ घालवू नका. ज्या चार-पाच कामांमुळे तुम्ही वर्गात काही वेगळं केलंत, तेवढ्यांशीच तुमचे निष्कर्ष ताडून पाहा. 'व्यावहारिक उपयोग' हा स्वतंत्र विभाग पत्रकात सक्तीचा असेल तर अर्धं पान पुरे. त्यात फक्त एवढं लिहा की हा पाठ कोणत्या वर्गाला, किती तासांचा, आधी मुलांना काय यायला हवं आणि कुठे चालणार नाही.

शेवटी, तुमच्या तिसऱ्या परिशिष्टात अगदी खाली एक नोंद आहे. शून्य लावायचा नियम सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "८ ला शून्य लावलं की ८० होतात, मग ४.८ ला शून्य लावल्यावर ती मोठी का होत नाही?" तुम्ही पुढे लिहिलंय, 'चांगला प्रश्न'. ती नोंद परिशिष्टातून काढा आणि निबंधाच्या पहिल्या पानावर आणा. तुमच्या दोन वर्षांच्या कामात जे शोधायला हवं होतं ते तिने एका वाक्यात विचारलंय. आणि त्या दिवशी तुम्ही तिला काय उत्तर दिलंत, तेही त्याखाली जसंच्या तसं लिहा. 'नंतर बघू' म्हणाला असाल तर तेच लिहा, आणि नंतर कधी, कोणत्या तासाला, काय घेऊन बघितलंत ते पुढच्या पानापासून सुरू करा.